खिळ्याला तांबं चढलं होतं का?

नमस्कार काकू,

मी २५ वर्षांची आहे. गाव काटोल तालुक्यात, सध्या नागपूरला नंदनवनमध्ये दोन मैत्रिणींसोबत खोली करून राहते. दोन वर्षांपूर्वी एम.एस्सी. केमिस्ट्री झाली. लगेच बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि सव्वा वर्ष मी घरीच होते, कारण संत्र्याचा बगीचा पाहायला दुसरं कोणी नव्हतं. झाडांवर बुरशीसाठी फवारायचं बोर्डो बनवणं, मजुरांचे हिशेब, व्यापाऱ्याशी बोलणं एवढंच केलं, सांगण्यासारखं त्यात काही नाही. जानेवारीपासून तीन इंटरव्ह्यू दिले. तिन्ही ठिकाणी 'कळवतो' म्हणाले, कळवलं कोणीच नाही. गॅपबद्दल विचारलं की मी 'पर्सनल रीझन' म्हणते आणि तिथून पुढे सगळं थंड पडतं. शेवटच्या ठिकाणी विचारलं, तपासणीचा रिझल्ट लिमिटच्या बाहेर आला तर काय करशील? मी म्हटलं, परत टायट्रेशन करीन. सर नुसते हसले. काय चुकलं ते मला अजून कळलं नाही. एका मॅडमनी लग्नाचं विचारलं, तेव्हा मी गडबडले. इंग्रजी बोलताना अडखळते. रूममेट म्हणते, गॅपच्या जागी एखाद्या लॅबचं अनुभवपत्र लावून टाक, दोन हजारांत मिळतं. पर्सनॅलिटीच्या क्लासला गेले होते, तिथले सर सांगतात की ९३ टक्के छाप बॉडी लँग्वेजची असते, बोलण्याची फक्त ७ टक्के. पुढच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता बुटीबोरीला एका औषध कंपनीत क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या खात्यात ट्रेनीचा इंटरव्ह्यू आहे. चांगली छाप कशी पाडू? आणि निळा ड्रेस घालू की पांढरा?

– संत्र्याच्या गावची

बेटा,

ड्रेसचं शेवटी पाहू. आधी तुझ्या पत्रातलं ते वाक्य, जे तू घाईघाईत लिहून पुढे गेलीस: 'बोर्डो बनवणं, मजुरांचे हिशेब, एवढंच केलं.' तीन इंटरव्ह्यू तू या 'एवढंच'पायी घालवलेस असं माझं मत आहे. इंग्रजी, बॉडी लँग्वेज, निळा ड्रेस हे सगळं त्याच्या नंतरचं.

मी २७ वर्षं हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात काढली. टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते तुला सांगते, कारण ते माहीत नसल्यानं पोरं-पोरी उगाच घाबरतात. एका दिवसात दहा-बारा उमेदवार. प्रत्येकाला वीसेक मिनिटं. आम्ही तिघं: एक मी, एक ज्या खात्यात जागा आहे त्याचे साहेब, आणि एक कोणीतरी, ज्याला त्या दिवशी वेळ होता म्हणून ओढून आणलेलं. संध्याकाळी पाच वाजता मार्कांचे कागद पसरून बसायचं, चहावर साय आलेली, आणि बारातल्या आठांचे चेहरेही आठवत नसत. फोटो पाहून ओळखावं लागे. सगळे 'हार्डवर्किंग', सगळे 'टीम प्लेयर', सगळे 'क्विक लर्नर'. उरलेल्या चारांची मात्र आमच्या बोलण्यात आपोआप नावं पडलेली असत. 'तो पंपवाला', म्हणजे गावातल्या लोकांच्या मोटारपंपांची वायंडिंग करून देणारा पोट्टा. 'ती पापडवाली', म्हणजे आईच्या पापडाच्या धंद्याचा हिशेब वहीवरून कॉम्प्युटरवर आणणारी मुलगी. खरं नाव विसरलेलं, पण काम लक्षात राहिलेलं. निवड बहुतेक वेळा या चारांतूनच व्हायची.

तुला शनिवारी 'ती बोर्डोवाली' व्हायचं आहे.

माझं माहेर वरूडकडचं, तेही संत्र्याचंच, म्हणून मला हे माहीत आहे. मामाच्या बगीच्यात मोरचूद, म्हणजे तुमचं कॉपर सल्फेट, आणि कळीचा चुना भिजताना मी लहानपणापासून पाहिला आहे. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद वेगळ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये विरघळवायचं, चुना वेगळ्यात, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या ड्रममध्ये ओतत काडीनं ढवळत राहायचं. लोखंडी बादली चालत नाही. फवारायच्या आधी मामा एक घासलेला खिळा त्यात बुडवून थोडा वेळ ठेवायचा. बाहेर काढल्यावर खिळ्यावर लालसर तांबं चढलेलं दिसलं की म्हणायचा, 'चुना कमी पडला', आणि आणखी चुन्याची निवळी घालायचा. तांबं चढलं नाही की मगच पंप भरायचा. नाहीतर मोकळं तांबं पाल्यावर पडून पाला करपतो. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही.

मामा सातवी शिकलेला. तू एम.एस्सी. आहेस. त्या खिळ्यावर काय घडतं हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं: लोखंड विरघळून द्रावणात जातं, तांबं द्रावणातून बाहेर येऊन त्याच्यावर बसतं. आता मला सांग, क्यूसी म्हणजे दुसरं काय असतं? माल बाहेर जाण्याआधी तपासायचा, ठरलेल्या कसोटीत बसला नाही तर थांबवायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा तपासायचा आणि मगच सोडायचा. तू सव्वा वर्ष क्यूसीच करून राहिली होतीस, फक्त पांढरा कोट नव्हता. आणि इंटरव्ह्यूत काय म्हणतेस? पर्सनल रीझन! अगं, त्या दोन शब्दांनी समोरच्याच्या मनात काय काय येतं माहीत आहे? आजारपण, मोडलेलं लग्न, कोर्टकचेरी, मागच्या नोकरीतून काढलं असेल. जे तू झाकतेस त्याच्यापेक्षा वाईट तो स्वतःच कल्पून घेतो.

म्हणून गॅपचा प्रश्न आला की बाबांचं ऑपरेशन एका वाक्यात उरक. कोणत्या डॉक्टरांनी केलं, किती खर्च आला, आई कशी रडली, हे नको. गळा दाटून आला तर समोरचा अवघडतो आणि पुढचा प्रश्न विचारायला कचरतो. दुसऱ्या वाक्यापासून बगीचा. म्हणजे साधारण असं: 'एम.एस्सी. झाल्यावर वडिलांचं मणक्याचं ऑपरेशन झालं, म्हणून सव्वा वर्ष मी घरचा संत्र्याचा बगीचा सांभाळला. बोर्डो मिश्रण मीच तयार करत होते. सुरुवातीला खिळा बुडवून तपासायचो, नंतर मी लिटमस आणला. प्रत्येक वेळचं वजन, तारीख आणि चाचणी वहीत लिहून ठेवली. वडील आता बरे आहेत, बगीचा त्यांनी परत हाती घेतला आहे.' शेवटचं वाक्य विसरू नकोस. ही मुलगी सहा महिन्यांनी पुन्हा गावाला पळेल का, हीच खरी धास्ती त्यांना असते.

लिटमस आणला होतास का, वही ठेवली होतीस का, हे मला माहीत नाही. नसेल तर ती दोन वाक्यं गाळ. जे केलं तेवढंच बोल, पण जे केलं ते आकड्यांसकट बोल. किती झाडं, किती पंप, किती मजूर, आंबियाचा, म्हणजे आंबिया बहाराचा माल कळमन्याच्या बाजारात नेला की बगीचा जागेवरच व्यापाऱ्याला दिला, भाव कसा ठरला. साहेबांना संत्र्यात रस नसतो. पण स्वतःच्या कामाचे आकडे ज्याच्या तोंडात असतात तो माणूस लॉगबुक नीट लिहील, असा आमचा हिशेब असे. बहुतेक वेळा तो बरोबर निघाला.

यंदाचं तर आणखी सोपं आहे. आता मे चालू आहे. मृगाच्या आधी खोडांना बोर्डो पेस्ट लावायची वेळ झालीच असेल. शनिवारच्या आधी एक दिवस काटोलला जा, पेस्टची एक घाणी स्वतःच्या हातानं बनव, पायरीपायरीनं मनात बोलत बनव. एक किलो, एक किलो, दहा लिटर. फवारणीपेक्षा दहापट घट्ट का, हे कोणी विचारलं तर तुला सांगता आलं पाहिजे.

आता ते 'सर नुसते हसले' प्रकरण. तुला वाटलं, परत टायट्रेशन करीन म्हणजे मेहनती उत्तर. क्यूसीतल्या माणसाच्या कानाला ते असं ऐकू येतं: लिमिटमध्ये येईपर्यंत मी करत राहीन आणि आलेलं रीडिंग तेवढं लिहीन. औषधाच्या धंद्यात याच्याएवढी वाईट सवय नाही. आमचा कारखाना औषधाचा नव्हता, पण तपासणीचं खातं आमच्याकडेही होतं आणि तिथले साहेब हा प्रश्न प्रत्येकाला विचारत. त्यांना हवं असलेलं उत्तर असं होतं: आधी थांबेन. द्रावण ओतून टाकणार नाही, भांडी धुणार नाही. सीनियरला लगेच सांगेन. मग त्यांच्यासोबत गणित पुन्हा तपासेन, ब्युरेट-पिपेट पाहेन, वजन पाहेन, द्रावण कधी स्टँडर्डाइज केलं होतं, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता कधी ठरवली होती, ती तारीख पाहेन. पुन्हा चाचणी करायची की नाही ते सीनियर ठरवतील, आणि पहिलं रीडिंग आहे तसं रेकॉर्डवर राहील.

यातलं पहिलं रीडिंग रेकॉर्डवर राहील हे वाक्य ऐकलं की साहेब मान वर करून पाहत. त्याचीच जुळी बहीण म्हणजे चुकलेल्या आकड्याचा प्रश्न. वहीत चुकीचं लिहिलं गेलं तर? व्हाइटनर लावायचं नाही, गिरवायचं नाही. एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. एकदा एका मुलानं अर्ज भरताना जन्मतारीख चुकवली आणि कोणी न सांगता अशीच रेघ मारून शेजारी सही केली. तो खोलीत येण्याआधीच आमचे साहेब तो अर्ज हातात धरून बसले होते. तुला गेटवर किंवा रिसेप्शनला फॉर्म भरायला देतील, तेव्हा हे लक्षात ठेव. छाप पडायला तिथूनच सुरुवात होते.

विषयाचं म्हणशील तर ट्रेनीला फार खोलात नेत नाहीत, पण पायाचं पक्कं हवं. मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटीतला फरक. सोडियम हायड्रॉक्साइड प्रायमरी स्टँडर्ड, म्हणजे नुसत्या वजनावरून भरवसा ठेवता येईल असा पदार्थ, का होऊ शकत नाही: हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं म्हणून. मग ते कशानं स्टँडर्डाइज करायचं: पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटनं. ब्युरेटचं रीडिंग खालच्या वक्रावर घ्यायचं, पण पोटॅशियम परमँगनेट असेल तर वरच्या कडेवर, कारण गडद रंगात खालची रेघ दिसतच नाही. हे तू बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला केलं आहेस. त्यामुळेच ते विसरलेलं असतं. एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर, स्वतः काम केलं नसेल तर सरळ सांग की पाहिलं आहे, हात लावलेला नाही, शिकायचं आहे. 'माहीत नाही' हे उत्तर कोणाला मारत नाही. तीन मिनिटं गोल गोल बोलून शेवटी तिथेच येणं मारतं.

आणि म्हणूनच ते दोन हजारांचं अनुभवपत्र. बाप्पा! हे करू नकोस. नैतिक वगैरे सोड, ते टिकत नाही. पहिलाच प्रश्न येईल, तिकडे कोणत्या कंपनीचं मशीन होतं, कॉलम कोणता वापरायचे, तुमच्या बॅचला किती सॅम्पल असायचे? दोन मिनिटांत उघडं पडेल. तिथून सुटलीस तर पीएफचा नंबर मागतील, तो कुठून आणणार? जी कंपनी पहिलं रीडिंग रेकॉर्डवर ठेवणारी मुलगी शोधते आहे, तिच्यासमोर तू खोटा कागद ठेवणार? रूममेटला चहा पाज आणि विषय बदल. तसंच, हातात काही येण्याआधी रजिस्ट्रेशनचे, ट्रेनिंगचे, युनिफॉर्मचे म्हणून कोणी पैसे मागितले तर ती नोकरी नाही हे समजून घे.

क्लासच्या ९३ टक्क्यांचं मला फार हसू आलं, कारण आमच्या वेळीही एक गृहस्थ कंपनीत येऊन हेच सांगून गेले होते आणि मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. पुढे कळलं की गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकेतल्या अल्बर्ट मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६७ साली सहकाऱ्यांसोबत दोन प्रयोग केले. त्यात एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही. ५५ टक्के चेहरा, ३८ टक्के सूर, ७ टक्के शब्द हे तिथून आलं. भावना आणि आवडनिवड सोडून इतर बोलण्याला हे समीकरण लागू नाही, असं मेहराबियननीच सांगितलं आहे. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट ९३ टक्के हातवाऱ्यांनी सांगता येत असेल तर सरांना म्हणा दाखवा करून.

म्हणजे दिसण्याला किंमतच नाही असं मात्र नाही. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं १९२० मध्येच दाखवलं होतं की सैन्यातले अधिकारी हाताखालच्या माणसांना गुण देताना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांचे आकडे एकमेकांना चिकटवून टाकतात. एक गोष्ट आवडली की बाकीच्याही आवडतात. मी स्वतः हे केलं आहे. एक मुलगा माझ्याच शाळेतला निघाला, आमच्या बाईंचं नाव त्यानं घेतलं आणि मी विरघळले. संवाद चांगला, आकलन चांगलं, शिस्त चांगली, सगळीकडे वरचे गुण. तो अकरा दिवसांत सोडून गेला. खात्याच्या साहेबांनी मला त्याबद्दल पुढची दोन वर्षं ऐकवलं. तेव्हा पहिल्या दोन मिनिटांचा फायदा-तोटा खरा असतो. पण त्यासाठी क्लास लागत नाही. नमस्कार म्हणून शांत बसणं, जो प्रश्न विचारतो त्याच्याकडे पाहणं, आणि प्रश्न पुरा होऊ देणं एवढं पुष्कळ. टक लावून पाहू नकोस. क्लासमधून शिकून आलेली पोरं आमच्याकडे अशी पाहत की आम्हालाच पापणी मिटवावी लागे.

इंग्रजी. क्यूसीचं सगळं लिखाण इंग्रजीत असतं, त्यामुळे वाचता-लिहिता आलंच पाहिजे आणि ते तुला येतं, नाहीतर एम.एस्सी. झाली नसती. बोलण्याची गोष्ट वेगळी. स्वतःची ओळख, सव्वा वर्षाचा तो किस्सा आणि लिमिटबाहेरच्या रिझल्टचं उत्तर, ही तीन इंग्रजीत तयार ठेव. पाठ करू नकोस, मोठ्यानं बोल, फोनवर रेकॉर्ड कर आणि ऐक. पहिल्यांदा ऐकताना स्वतःचा राग येईल, तिसऱ्यांदा ऐकताना येणार नाही. 'मायसेल्फ अमुक' म्हणून सुरुवात करू नकोस, 'आय ॲम' पुरे. कुठे अडकलीस तर सरळ विचार, 'सर, हे हिंदीत सांगू का?' नागपूरच्या कारखान्यात याला नाही म्हणणारा साहेब मी फार कमी पाहिला. अर्ध्या वाक्यात न विचारता भाषा बदलणं वाईट दिसतं. आणि समोरचा पुण्याचा निघाला आणि तू 'करून राहिली होती' म्हणालीस, तर तो हसेल. हसू दे. हसल्यावर माणूस जरा सैल होतो.

लग्नाचा प्रश्न. इथे मला एक कबूल करायचं आहे, मीही तो कित्येक वर्षं विचारला. 'प्लॅन काय आहे?' असं गोड करून विचारायचे आणि मुलींच्या कागदावर समासात बारीक खूण करायचे. पोरांना कधी विचारलं नाही. भरतीत बाई म्हणून भेदभाव करायचा नाही हे १९७६च्या समान वेतन कायद्यात लिहिलेलं होतं, २०१९च्या वेतन संहितेतही आहे. मला ते माहीत होतं आणि तरी विचारायचे. आज त्याची लाज वाटते. पण तू तिथे कायदा शिकवायला बसलेली नाहीस, तुला नोकरी हवी आहे. त्या प्रश्नाच्या पोटात बहुतेक वेळा दुसराच प्रश्न असतो: ही शिफ्ट करेल का, टिकेल का? त्या दुसऱ्याचं उत्तर दे. 'सध्या माझं लक्ष नोकरीवर आहे. शिफ्टला मी तयार आहे. कंपनीची बस नंदनवनकडून जाते का?' एवढं बोलून थांब. बसचा प्रश्न मुद्दाम घातला आहे, कारण त्यांना तिथे बसच्या रूटवर बोलावं लागतं आणि विषय हलतो. तरीही कोणी खोदत राहिलं, तर अशा ठिकाणी रोज आठ तास काढायचे की नाही हेही तू ठरवू शकतेस. निवड एकट्या त्यांनीच करायची असं कुठे आहे?

पगाराचं ट्रेनीला फार ताणता येत नाही. ते आकडा सांगतील. हातात किती आणि कन्फर्मेशन किती महिन्यांनी, हे दोन प्रश्न विचार, बाकी सोड. शेवटी 'तुम्हाला काही विचारायचं आहे?' असं म्हणतील तेव्हा 'नो सर' म्हणू नकोस. पहिले तीन महिने मला कोण शिकवेल, कच्च्या मालाच्या तपासणीला ठेवतात की तयार मालाच्या, हे विचार. उत्तर देताना साहेबांचा चेहरा पाहा. ज्यांना शिकवायला आवडतं ते लांब उत्तर देतात.

आता जायचं कसं. बुटीबोरी म्हणजे वर्धा रोडनं तीसेक किलोमीटर, आणि एमआयडीसी एवढी पसरलेली की गावात पोचणं वेगळं आणि प्लॉट सापडणं वेगळं. सीताबर्डीहून ऑरेंज लाइननं खापरीपर्यंत मेट्रो आहे, पण ती तिथेच संपते. पुढचं आधी ठरव. शुक्रवारी एकदा जाऊन गेट पाहून ये, हे मी सगळ्यांना सांगते आणि कोणी ऐकत नाही. अकराचा इंटरव्ह्यू म्हणजे साडेदहाला गेटवर. तिथे नाव लिहायचं, मूळ ओळखपत्र दाखवायचं, फोन जमा करायचा, आत फोन लावून विचारायचं, यात वीस मिनिटं सहज जातात. फोन जमा होतो म्हणून मार्कशीटा आणि बायोडेटा कागदावर हव्यात. सिक्युरिटीवाल्या काकांशी नीट बोल. आमच्या गेटवरचे काका संध्याकाळी मला सांगायचे कोण कसं वागलं ते, आणि मी ऐकायची.

मेच्या उन्हात नागपूरची मुलगी जशी निघते तशी तू निघशील: तोंडाला स्कार्फ, गॉगल, हातमोजे. बरोबर आहे, तसंच निघ. पण गेटच्या आधी सावली पाहून ते सगळं उतरव, घाम पूस, केस विंचरून घट्ट बांध, पाणी पी. आत एसीत बसवलं की पाच मिनिटांत श्वास जागेवर येतो. ओल्या रुमालाचं बोचकं हातात धरून आत जाऊ नकोस, पर्समध्ये टाक. सकाळी उपाशी निघू नकोस, आणि त्या दिवशी तर्रीवाले पोहे नकोत, कपड्यांवर एक थेंब पडला की पुढचे तीन तास तुझं लक्ष त्या थेंबावर.

राहिला ड्रेस. निळा. पांढरा नंदनवनहून बुटीबोरीपर्यंत पांढरा राहत नाही. सुती असू दे, ओढणी पिनेनं दोन्हीकडे लावलेली. नखं काप आणि नेलपॉलिश काढ, लॅब दाखवायला नेलं तर क्यूसीवाले आधी हातच पाहतात. बांगड्या नकोत. सँडल घरी ठेव, पुढून बंद असलेले बूट घाल. अशा ठिकाणी उघड्या पायांनी आत सोडत नाहीत, आणि बाकीचे लॅब पाहायला गेले असताना तू रिसेप्शनला बसून राहशील.